उंबऱ्यावरचा अनवाणी चोर

१

बोरमाळच्या सिद्धनाथाचा चांदीचा मुखवटा ऐन जत्रेच्या तोंडावर नाहीसा झाला. सकाळी गाभारा उघडायला गेलेला केरबा मोहिते रिकाम्या हातांनी बाहेर आला, देवळाच्या पायरीवर टेकला आणि जमलेल्यांना म्हणाला, "देव न्हाई आत." बस्स, एवढंच. ना आरडाओरडा, ना ऊर बडवणं.

बोरमाळ हे कडेगावजवळचं, उसात बुडालेलं गाव. तिथं दरसाल एका घराकडे देवाचा मान असतो. त्या घरच्या कर्त्या पुरुषानं आंघोळ करून गाभाऱ्यात जायचं, मुखवटा उचलून पालखीत बसवायचा. दुसऱ्या कुणी देवाला हात लावायचा नाही. अठ्ठ्याण्णव साली हा मान केरबाकडे होता. त्याचा एकुलता एक तरणा मुलगा अर्जुना आदल्या साली वारलेला. त्यामुळे केरबा एवढा गप्प का, असा प्रश्न गावात कुणालाच पडला नाही.

पाठोपाठ कडेगावच्या पोलीस ठाण्यात टपालानं एक लखोटा आला. आत एक मोठा कृष्णधवल फोटो आणि त्याच्या निगेटिव्हचा तुकडा. पाठवणाऱ्याचं नाव नाही. फोटोत सिद्धनाथाच्या गाभाऱ्याचं दार होतं. उंबरा ओलांडून एक माणूस बाहेर येत होता, त्याच्या दोन्ही हातांत देवाचा मुखवटा होता आणि चेहरा इतका स्वच्छ आला होता की आंधळ्यानंही ओळखावा. तो सांगलीचा सौमित्र परांजपे होता.

सौमित्रला कोण ओळखत नव्हतं? पूर, दंगल, मोर्चा, कुठंही काही झालं की गळ्यात दोन कॅमेरे अडकवून हा हजर. त्याचे फोटो पेपरात पहिल्या पानावर येत. शिवाय विश्रामबागेत त्याचं फोटोचं दुकान होतं, आणि अख्ख्या जिल्ह्यात कॉम्प्युटर आणि स्कॅनर असलेलं तेवढं एकच. लग्नाच्या फोटोमागे काश्मीर लावून हवंय? लावून मिळेल. भांडून गेलेला मेव्हणा फोटोतून काढायचाय? काढून मिळेल. जत्रेची तयारी टिपायला तो आदल्याच दिवशी बोरमाळला येऊन गेला होता, हे सगळ्या गावानं पाहिलं होतं.

फौजदार बाळासोंनी त्याला दुकानातून उचललं. मागून गावकऱ्यांचा टेम्पो आला आणि दुकानाची एक काच जागेवर राहिली नाही. देव चोरणाऱ्या माणसाला जामीन मिळू नये म्हणून लोक नवस बोलू लागले, आणि सांगलीतला एकही वकील त्याचं प्रकरण घेईना.

एकीनं घेतलं.

२

भार्गवी सोहोनीला सोपी प्रकरणं आवडत नसत, आणि अवघड प्रकरणं देणारे अशील पैशाच्या नावानं शंख करीत. त्यामुळे तिची वकिली जेमतेम चालायची. पर्समध्ये भडंगाची पुडी कायम. विचार करायचा झाला की मूठभर भडंग तोंडात, आणि भडंग संपेपर्यंत समोरच्यानं गप्प बसायचं.

कोठडीत सौमित्र पिंजऱ्यातल्या वाघासारखा येरझाऱ्या घालत होता. "मॅडम, हा फोटो खोटा आहे! मी त्या गाभाऱ्यात पाऊलसुद्धा टाकलेलं नाही. माझा नुसता चेहरा उचलून चिकटवलाय. हे सिद्धू कोरेचं काम, लिहून देतो मी. धंद्यात जळतो माझ्यावर!"

"ठीक आहे," भार्गवी म्हणाली. "कागदावरचा फोटो खोटा आहे असं धरू. मग निगेटिव्ह कुठून आलं?"

सौमित्र थांबला. इतका वेळ कोठडी दणाणून सोडणारा त्याचा आवाज एकदम खाली आला. "ते... ते मला नाही सांगता येणार."

"तुम्हाला? जिल्ह्यात कॉम्प्युटर आणणारे तुम्ही. चेहरा चिकटवला हे नजरेनं कळतं आणि निगेटिव्ह कसं बनवलं ते कळत नाही?"

"नाही म्हटलं ना!"

बाहेर फौजदारांनीही तेच टुमणं लावलं. "वकीलबाई, कागदावर कुणीबी कायबी करंल. पर ही फिलीम हाय, फिलीम! दोन सालामागं जीप जळीत प्रकरणात कोर्टानं ह्याच्याच फिलीमवर आरोपीला आत घातला. तवा फिलीम खरी, आन् आता खोटी व्हय?"

भार्गवीनं पोलिसांकडून फोटोची प्रत घेतली आणि बाकावर बसून भडंगाची पुडी सोडली. फोटोत काहीतरी खटकत होतं. चेहऱ्यात नव्हे, चेहरा बेमालूम बसला होता. तिनं खालून वर पाहायला सुरुवात केली, आणि भडंगाची मूठ तोंडाशी तशीच राहिली.

चोराच्या पायांत काही नव्हतं. त्याचं पाऊल उंबऱ्यावर पडलेलं नव्हतं, उंबरा वाचवून पलीकडे टाकलेलं होतं. आणि मुखवट्याखाली त्यानं पांढरं उपरणं धरलं होतं. देवाला उघडा हात लागू नये म्हणून.

देव चोरायला आलेला हा माणूस देवाला इतका का जपत होता?

३

सिद्धू कोरेचा स्टुडिओ पुढच्याच चौकात. सौमित्रचं नाव काढताच सिद्धू पोट धरधरून हसला.

"आवं मॅडम, माझ्याकडं कॉम्प्युटर असता तर मी असलं कशाला केलं असतं? पयला त्येच्याच दुकानाम्होर दुकान टाकलं असतं! माझा सगळा कारभार अजून अंधाऱ्या खोलीत. या, बघा."

ती खरोखर आत जाऊन बघून आली. ट्रे, औषधांच्या बाटल्या, लाल बल्ब. कॉम्प्युटरची वायरसुद्धा नाही. तिनं फोटो पुढं केला. सिद्धूनं तो हातात घेतला आणि त्याचं हसू मावळलं.

"चेहरा त्येचाच हाय. पर मॅडम, सौमित्र आन् अनवाणी?" त्यानं मान हलवली. "त्यो देवळात बूट घालून शिरतो. 'मी कामावर आहे,' म्हनतो. ह्याच बोरमाळात मागल्या जत्रंला बूट घालून उंबऱ्यावर हुबा राहिला म्हनून लोकांनी धरला हुता त्येला. मी सोडवला."

"मग हे पाय कुणाचे?"

"ज्येनं फोटो केला, त्येला इचारा." सिद्धूनं फोटो परत दिला. "एक गोष्ट सांगू? देवाच्या उंबऱ्यावर बूट दाखवायला ज्येचा जीव झाला न्हाई, त्यो माणूस धंद्यातला न्हवं. मी असतो तर बुटासकट काढला असता."

भार्गवीच्या मनातही तेच होतं. चित्र करणाऱ्याला सगळं जमलं होतं, फक्त देवाचा अपमान जमला नव्हता, चित्रातसुद्धा.

ती निघाली तसा सिद्धू मागून म्हणाला, "निगेटिव्हचं मातूर सौमित्रलाच इचारा. जीप जळीत खटल्यापासनं त्यो शब्द काढला की त्येच्या तोंडचं पानी पळतंय. का, ते मला ठावं न्हाई."

४

फुटक्या काचा झाडून मयूरी वैद्य कॉम्प्युटरसमोर बसली होती. वाईची मुलगी, सांगलीत मावशीकडे राहायची. कॉम्प्युटर सौमित्रनं आणला होता, पण हात तिचा चालायचा. पडद्यावर एका म्हातारीचा चेहरा होता. डोळे मिटलेले.

"मयताचा फोटो," मयूरी म्हणाली. "खेड्यापाड्यांतल्या कितीतरी माणसांचा जिवंतपणी एकही धड फोटो नसतो. मग गेल्यावर काढतात, आणि भिंतीवर लावायला डोळे उघडून मागतात. जुन्या एखाद्या फोटोतून डोळे उचलायचे आणि इथं बसवायचे. महिन्यातून दोन-चार तरी येतात."

"म्हणजे तुम्हाला चेहऱ्याचं काम चांगलं येतं."

"सरांनीच शिकवलं," मयूरी शांतपणे म्हणाली.

भिंतीवर दोन फोटो लागले होते. पहिला सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलेला. ऊसदराच्या आंदोलनात कडेगावच्या रस्त्यावर पेटलेली जीप, आणि तिच्यासमोर हात मागे नेऊन काहीतरी भिरकावणारा एक पोरगा. तोंड उघडं, कपाळ काजळीनं माखलेलं. जीपचा ड्रायव्हर आतच जळून गेला होता. त्या पोराला याच फोटोवरून शिक्षा झाली आणि सौमित्रला याच फोटोवरून बक्षीस मिळालं.

दुसरा फोटो त्या बक्षीस समारंभाचा. सौमित्र दोन्ही हातांनी चांदीचं तबक घेतो आहे, मान किंचित कललेली, नजर तबकावर, ओठांवर दाबलेलं हसू, आणि डाव्या भुवईवर केसांची एक बट.

भार्गवीनं पोलिसांकडची प्रत काढून शेजारी धरली. तीच मान, तीच नजर, तीच बट. तबकाच्या जागी तेवढा देव आला होता.

ती वळली. मयूरी तिच्याकडेच पाहत होती. चोरी पकडली गेल्याची भीती त्या चेहऱ्यावर नव्हती, उलट कुणीतरी एकदाचं पाहिलं असा सुटकेचा भाव होता.

"मयूरी, हा चेहरा तुम्ही उचललात. का?"

"मॅडम, तुम्ही बोरमाळला केरबा मोहित्यांच्या घरी जाऊन आलात?"

"नाही."

"मग जाऊन या. भिंतीकडे बघा. त्यानंतर मला जे विचाराल ते सांगेन, आणि पोलिसांत चला म्हणालात तर चपला घालून येईन."

५

एसटी उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं मागं रखडत बोरमाळला पोचली. मोहित्यांचं घर गावाच्या टोकाला. केरबाच्या बायकोनं, शालूबाईनं, गूळ-पाणी पुढं ठेवलं. "बसा बाई. मालक रानात गेल्यात, येतीलच."

भार्गवी बसली नाही. भिंतीवर हार घातलेला एक मोठा रंगीत फोटो होता. खाली नाव लिहिलं होतं, कै. अर्जुना केरबा मोहिते. उघडे टपोरे डोळे, ओठ बोलता बोलता थांबल्यासारखे विलगलेले आणि कपाळभर गुलाल. गुलाबी, ताजा, भुवयांपर्यंत ओघळलेला.

हा चेहरा तिनं कालच पाहिला होता. जळत्या जीपसमोर.

कुठल्याही माणसाचा चेहरा दोनदा तंतोतंत सारखा येत नाही, हे कालपासून तिच्या डोक्यात घोळतच होतं. इथं गुलालाचा ओघळसुद्धा तोच होता. फक्त कृष्णधवल फोटोत गुलाल काळा पडला होता, आणि साऱ्या जिल्ह्यानं त्याला काजळी समजून एका पोराला जाळपोळ करणारा ठरवलं होतं. जीप जाळायला निघालेल्या पोराच्या कपाळाला गुलाल कोण लावतं?

ती खाली बसली. तेव्हा तिला दुसरी गोष्ट दिसली. कोपऱ्यात धान्याची कणगी होती आणि तिच्यासमोर समई तेवत होती. शेजारी चाफ्याचं फूल. घरचा देव्हारा पलीकडच्या भिंतीला, तिथं मात्र दिवा नव्हता.

दारात सावली पडली. केरबा आत आला, आणि येताना त्यानं चपला बाहेर काढून उंबरा ओलांडला. ती पावलं पाहताच भार्गवीच्या मनात कसलीही शंका उरली नाही.

"कणगीत देव आहे ना?" तिनं विचारलं.

शालूबाईच्या हातातला तांब्या थांबला. केरबानं मात्र डोईचं मुंडासं उतरवलं, खुंटीला लावलं आणि तिच्यासमोर बसला.

"हाय. रोज आंगुळ घालतो, फूल घालतो. देवाला म्हनलं, दोन वरसं तू गप बसलास. आता चार दिस माझ्या घरात बस, आन् ह्याच्याकडं बघ." त्यानं भिंतीकडे बोट केलं. "गाभाऱ्यात फोटुसाठी हुबा राहिलो त्यो मीच. पोरीनं उंबऱ्याभाईरनं काढला. ती म्हनली, काका, पायात बूट घाला, त्येच्यासारखं दिसाय पायजे. मला न्हाई जमलं."

"अर्जुना त्या दिवशी कुठं होता?"

"लोनंदला. त्येचा मामेभाऊ मिलट्रीत भरती झाला, त्यो सुट्टीवर येनार म्हनून टेसनात गुलाल उधळाय गेलती पोरं. माझ्या अर्जुनाचाबी भरतीचा कागद आलता, बाई! त्यो परांजप्या कांद्याच्या बाजाराचं फोटू काढाय तिथं गेलता. त्येनं पोराचा गुलाल उधळताना फोटू काढला, आन् सांजच्याला जीप जळालेल्या जागी गेला तर माणसं कवाच पळालेली. नुसता जाळ. मग माझं पोरगं, त्या उधळत्या हातासकट, त्या जाळाम्होरं बसिवलं." केरबानं आपला हात तसाच मागं नेऊन दाखवला. "कोर्टात आमी सगळ्यांनी सांगितलं, पोरगं लोनंदला हुतं. तर म्हनले, तुमी नातेवाईक, खोटंच बोलनार. मग पोरगं जेलात कावीळ हून मेलं. त्या ड्रायव्हरची बायकू दोन लेकरं घिऊन आली आन् माझ्या दारात थुकली. तिला तरी काय म्हनावं?"

"आणि तुम्हाला हे कळलं कसं?"

उत्तर शालूबाईनं दिलं. "मयताचा फोटू घिऊन ह्ये सांगलीला गेलं, डोळं उघडून द्या म्हनून. आमाला काय ठावं ते दुकान कुनाचं! त्या पोरीनं म्हनं कॉम्प्युटरात सगळं हुडकलं, कुठं ह्येचं डोळं घावत्यात का. तवा तिला त्यो लोनंदचा रंगीत फोटू घावला, त्योच ह्यो भिंतीवरचा. तिनं ह्यांना खुर्चीत बसवून दावला. ह्ये दिस मावळंस्तवर उठलं न्हाईत."

भार्गवीच्या डोळ्यांपुढं सगळं लख्ख उभं राहिलं. सौमित्रनं जोडलेला फोटो मोठ्या कागदावर छापून घेतला आणि त्या कागदाचाच कॅमेऱ्यानं पुन्हा फोटो काढला, की झालं निगेटिव्ह तयार. कोर्टाला तेवढं पुरलं. मग लोणंदचं मूळ निगेटिव्ह त्यानं नष्ट केलं असणार आणि सुटलो म्हणाला असणार. अंधाऱ्या खोलीत वाढलेला माणूस! फोटो म्हणजे निगेटिव्ह, ते गेलं की सगळं गेलं, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. कॉम्प्युटरच्या पोटात राहिलेली प्रत पुसायची असते, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

"केरबाकाका, हे सगळं घेऊन तुम्ही वरच्या कोर्टात का नाही गेलात?"

"गेलतो दोन वकिलांकडं. म्हनले, पोरगं मेलं, आता केस कसली? कॉम्प्युटरातलं चित्र कोन खरं मानतंय, निगेटिव्ह आना." केरबा हसला, आणि ते हसू बघवत नव्हतं. "मंग म्हनलं, त्येला निगेटिव्हच दावू. त्येनं माझ्या पोराला जसा अडकिवला, तसाच त्येला अडकिवला. सुटायचं असंल तर त्येनं सांगावं कोर्टात, खोटी फिलीम कशी करत्यात. त्येच्या तोंडानं."

"मी आत्ता पोलिसांना आणून ही कणगी उघडली तर?"

"आना की! मी कुठं पळतोय? मला पिंजऱ्यात हुबा करतील आन् इचारतील, का केलंस? तेच पायजे मला. दोन वरसं झाली बाई, मला कुनी कायबी इचारलंच न्हाई!"

"त्येला जेलात घालून मला काय मिळायचंय?" शालूबाई म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. "त्येनं बोलाय पायजे. चारचौघांत. त्या दिशी आमी देव गावाम्होरं ठिवू, आन् मंग गाव आमाला काय करंल ते करू दे."

६

"म्हणजे मुखवटा केरबाच्या घरात आहे!" सौमित्र कोठडीचे गज धरून ओरडला. "मग वाट कसली बघताय? फौजदाराला सांगा! आज संध्याकाळी सुटतो मी!"

भार्गवीनं गजांतून दोन फोटो आत सरकवले. एक बक्षीस मिळालेला जळत्या जीपचा, एक भिंतीवरच्या अर्जुनाची मयूरीनं दिलेली प्रत. सौमित्रची मान खाली गेली ती वर येईना.

"सांगते ना फौजदारांना," ती म्हणाली.  "तुम्ही माझे अशील आहात, तुम्ही म्हणाल ती वाट धरीन. केरबाला पकडलं की त्याला विचारणार, का केलंस. तो हे दोन फोटो पुढं ठेवणार. मयूरी लोणंदचा फोटो घेऊन साक्षीला येणार. त्या वाटेनं तुम्ही चोरीतून सुटाल, आणि त्याच दारात खोट्या साक्षीसाठी पुन्हा धरले जाल. दुसरी वाट म्हणजे निगेटिव्ह कसं बनतं ते तुम्ही स्वतः दाखवायचं."

सौमित्रनं दोन्ही फोटो उलटे करून ठेवले. मग हळूच म्हणाला, "मला तो पोरगा कुठला ते माहीतच नव्हतं हो. वाटलं, लोणंदचा कुणीतरी, इकडं कोण ओळखणार? आणि पेपरात तर नुसता जाळ कोण छापणार होतं? मग पोलीस आले, निगेटिव्ह मागितलं... तोवर बक्षीस जाहीर झालं होतं."

"हे मला सांगून काय उपयोग?"

"कसं करायचं तेवढंच दाखवलं तर?" त्याच्या डोळ्यांत पुन्हा हुशारी चमकली. "बाकीचं कोण विचारतंय?"

भार्गवीनं भडंगाची पुडी काढली, उघडली आणि न खाताच मिटून परत ठेवली. "बघा. कदाचित नाही विचारणार कुणी."

सुनावणीच्या दिवशी कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. बोरमाळ टेम्पो भरभरून आलं होतं. सौमित्रचा कॉम्प्युटर टेबलावर मांडला गेला. चालू प्लग तेवढा एकच, म्हणून कारकुनाचा पंखा बंद करावा लागला आणि कारकून दिवसभर त्या यंत्राकडे दात-ओठ खात बघत राहिला.

पोलीस पहाऱ्यात दुकानात बसून सौमित्रनं एक फोटो आणि त्याचं निगेटिव्ह तयार करून आणलं होतं. न्यायाधीशांनी फोटो पाहिला आणि चष्मा काढून पुसला. गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर, हातात सिद्धनाथाचा मुखवटा घेऊन, खुद्द फौजदार बाळासो उभे होते. कोर्टात खसखस पिकली. फौजदार निगेटिव्ह उजेडाला धरून धरून पाहत राहिले, आणि त्यांचा चेहरा पडला.

सौमित्रनं सगळं समजावलं. चेहरा कसा उचलायचा, कडा कशा मिटवायच्या, मोठा कागद छापून त्याचाच फोटो कसा काढायचा. काम त्याच्या आवडीचं होतं. बोलता बोलता तो खुलला, हातवारे करू लागला, दोनदा तर लोक भारावल्यासारखे "वा!" म्हणाले. भार्गवीनं उठून चोराचे अनवाणी पाय आणि मुखवट्याखालचं उपरणं दाखवलं, समारंभाचा फोटो शेजारी ठेवला आणि ती खाली बसली. चोरीचं प्रकरण तिथंच संपलं होतं. सौमित्रनं सुटकेचा श्वास टाकला.

"कमाल आहे," न्यायाधीश निगेटिव्ह खाली ठेवत म्हणाले. "इतक्या सफाईनं होतं हे, आणि आम्ही आजवर निगेटिव्हला पुरावा मानत आलो. परांजपे, हे तुम्ही याआधी कधी केलं होतं का?"

प्रश्न सहज विचारलेला होता. उत्तर "नाही" असं एका शब्दात देता आलं असतं, आणि सौमित्रचे ओठ त्या शब्दासाठी हललेही. पण त्याची नजर शेवटच्या बाकाकडे गेली.

केरबा तिथं बसला होता. शेजारी पांढऱ्या उपरण्यात बांधलेलं एक गाठोडं होतं, ज्यात काय आहे ते भार्गवीला ठाऊक होतं. मांडीवर अर्जुनाचा फोटो होता, तोंड पिंजऱ्याकडे केलेला. कपाळावर गुलाल, आणि ते उघडे डोळे. सौमित्रनंच लोणंदच्या फलाटावर टिपलेले, त्याच्याच दुकानात मोठे करून छापलेले. त्या डोळ्यांसमोर त्याला तो एक शब्द उच्चारता येईना. 

"परांजपे, मी काही विचारलं."

"हो," सौमित्र म्हणाला. "एकदा."

"कुठं?"

"याच कोर्टात. अर्जुना मोहितेच्या खटल्यात. तो लोणंदला होता, साहेब. गुलाल उधळत होता. जीप पेटली तिथं तो नव्हताच."

पहिल्यांदा कुणाला काही समजलंच नाही. मग मागं कुठंतरी एक बाई हुंदका देऊन रडू लागली. ती शालूबाई नव्हती, दोन मुलांना घेऊन भिंतीशी उभी असलेली त्या ड्रायव्हरची बायको होती. शालूबाई उठून तिच्याजवळ गेली आणि तिच्या शेजारी उभी राहिली.

केरबा बाकावरून उठला. त्यानं फोटो दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरला, जत्रेत बाप पोराला खांद्यावर घेतो तसा. पट्टेवाला धावला, न्यायाधीशांनी टेबलावर हात आपटला. "खाली बसा! कोण आहात तुम्ही? बसा खाली!"

"बसतो, साहेब," केरबा म्हणाला. "जरा पोराला बघू द्या."